गच्ची स्वच्छ आहे

अक्काच्या नाकावर राग कायम मुक्कामाला असे, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. लिफ्टमध्ये ओल्या छत्र्या झटकणारे, बेसिनमध्ये चहाचा गाळ ओतणारे, "मावशी, तेवढं पुसून घ्या" असं सांगत पुसलेल्या फरशीवरूनच चालत जाणारे, सगळे तिला वचकून असत. पण तो किरकोळ राग. सकाळी यायचा आणि दुपारच्या डब्यापर्यंत निवायचा. त्या बुधवारी मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर पडताना आला तो काही निवला नाही. त्यातला निम्मा आपल्याला स्वतःचाच आला होता, हे कळायला तिला आणखी एक दिवस जावा लागला.

अक्का सफाईवाली. बत्तीस मजल्यांच्या त्या ऑफिसांच्या इमारतीत वरचे तीन मजले आणि गच्ची तिच्याकडे. गच्चीवर रात्रपाळीला पहारेकरी होता तो तिचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, एकटा जीव, राहायला तिच्याच घरी. तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता. गच्चीच्या चारी कोपऱ्यांत आभाळाकडे तोंड केलेले पांढरेशुभ्र फ्लडलाइट होते. ते लावले की इमारतीचा माथा शहराबाहेरच्या रस्त्यावरूनही दिसायचा, आणि मालकीणबाईंना तो तसा दिसायलाच हवा होता. संध्याकाळी सातला दिवे लावायचे, सकाळी सहाला बंद करायचे, मध्ये पॅनेलला हात लावायचा नाही, एवढं भावाचं काम. बाकी रात्रभर खुर्चीत बसून जागायचं.

त्याला घरात सगळे थाप्या म्हणत. नाव अक्कानेच ठेवलेलं. पाचवीत असताना त्याने शाळेच्या पाण्याच्या टाकीत मगर पाहिल्याचं सांगितलं होतं, आणि इतक्या खात्रीने सांगितलं की मास्तरांनी टाकी उपसायला लावली. निघाली एक चप्पल. आई तेव्हा नव्हतीच, त्यामुळे त्याचा कान पिळायचं काम अक्काकडे आलं. तिला खोटं बोललेलं अजिबात खपत नसे, दुसऱ्याचं नाही आणि स्वतःचंही नाही.

तर झालं असं, की मालकीणबाईंनी तिसाव्या मजल्यावरच्या आपल्या ऑफिसच्या बाल्कनीत काही बड्या पाहुण्यांना रात्री जेवायला बोलावलं होतं. सगळे रंगात आले असताना वरून एक पंख येऊन पडला. नुसतं पीस नव्हे, मुळासकट उपटलेला, रक्ताने भरलेला पंख, थेट पांढऱ्या टेबलक्लॉथवर. एका पाहुणीने जी किंकाळी फोडली ती खाली पार्किंगमध्ये ऐकू आली म्हणतात. दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. वर रात्री कोण असतो? पहारेकरी असतो.

भावाने जे होतं ते सांगून टाकलं. गच्चीखालच्या कंगोऱ्यावर ससाण्यांची जोडी तीन वर्षांपासून राहत होती. त्यातला एक रात्री शिकार करतो, असं त्याचं म्हणणं. थंडीच्या आधी आणि नंतर लहान लहान पक्षी रात्रीचे लांबच्या प्रवासाला निघतात, ते या दिव्यांच्या झोतात शिरतात आणि मग त्यांना बाहेरची वाट सापडत नाही. घिरट्या घालत राहतात. ससाणा एकेकाला उचलतो, खातो, पंख टाकून देतो.

हे ऐकून केबिनमध्ये हशा पिकला. त्याच ससाण्याचा दारापेक्षा मोठा फोटो खाली लॉबीत लावलेला होता, "आमचे मानाचे पाहुणे" असं सोनेरी अक्षरांत लिहून. मॅनेजरने रीतसर एक पक्षीतज्ज्ञ बोलावला. तो भर दुपारी आला, कंगोऱ्यावर पेंगणारा ससाणा त्याने दुर्बिणीतून पाहिला, चहा घेतला आणि अर्ध्या पानाचा अहवाल देऊन गेला. ससाणा दिवसा शिकार करतो, रात्री विश्रांती घेतो. मग हा भर दुपारी का पेंगतोय, हे काही त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही.

त्यात भावाच्या लॉकरमध्ये पुठ्ठ्याचा खोका सापडला, पिसांनी गच्च भरलेला. संपलंच. गलोल म्हणा, फास म्हणा, हाच मारतो आणि खोटं त्या मुक्या पाखराच्या गळ्यात बांधतो, असं ठरून गेलं. फक्त कागदावर यायचं होतं.

बुधवारी अक्काला साक्षीला बोलावलं. मॅनेजरना ती मनातल्या मनात इस्त्रीवाले म्हणे, कारण त्यांच्या शर्टालाच काय, बोलण्यालाही सुरकुती नसे. त्यांनी तिला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"मावशी, तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून विचारतो. तुमच्या भावाला थापा मारायची सवय आहे?"

"लहानपणापासून," अक्का म्हणाली.

तिला पुढेही बोलायचं होतं. टाकीची गोष्ट सांगायची होती, पोर तेव्हा दहा वर्षांचं होतं हे सांगायचं होतं, त्याने आयुष्यात झुरळ मारलेलं नाही, तेही आपल्यालाच मारावं लागतं हे सांगायचं होतं. पण इस्त्रीवाल्यांनी तेवढा एक शब्द लिहून घेतला होता आणि पेनाला टोपणही लावलं होतं. भावाला निलंबित केलं. पुढच्या बुधवारी निकाल.

घरी आल्यावर तिने त्याच्यावरच तोंडसुख घेतलं. पिसं कशाला जमवायची मेल्या, लॉकरमध्ये कशाला ठेवायची, आणि सांगायचंच होतं तर जरा पटेल असं काही सांगायचं. गच्चीवर रोज पहाटे पंख पडलेले असत हे तिलाही माहीत होतं, तीच तर ते झाडायची. पण ते ससाण्याने दिवसा मारलेले असणार, असं ती धरून चालली होती. रात्रीची भानगड थाप्याने पदरची घातली, अशी तिची खात्री होती. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो एवढंच म्हणाला, "अक्का, एकदा रात्री थांबून बघ."

त्याच्या जागी आलेला बदली पहारेकरी दहा वाजताच लिफ्टच्या दाराशी खुर्ची टेकून घोरायला लागला. अक्काकडे गच्चीची किल्ली होतीच. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ती शाल गुंडाळून बसली. थाप उघडी पडली की उद्या त्याला कसा फैलावर घ्यायचा, त्याची मनात उजळणी चालली होती.

ढग खाली उतरले होते. चार झोत त्यांना जाऊन भिडत होते आणि वर एक मोठा पांढरा मांडव झाला होता. साडेअकराच्या सुमाराला त्या मांडवात धुळीसारखं काहीतरी फिरताना दिसलं. मग आवाज ऐकू आला, बारीक, घाईघाईचा, शेकडो गळ्यांतून आलेला. पक्षी होते. गोल गोल फिरत होते. उजेडाच्या कडेपर्यंत जायचे, पुढचा अंधार पाहून भिंतीला थडकल्यासारखे मागे वळायचे. काही खाली उतरत उतरत कठड्याला आपटत होते.

आणि मग तो आला. दिवसा तिने त्याला वरून खाली झेपावताना पाहिलं होतं. आता तो खालून वर गेला, अंधारातून, कारण दिव्यांनी त्या सगळ्यांची पोटं उजळली होती आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पायात एक घेऊन परत आला. कठड्यावर बसला, चार-दोन घास खाल्ले, उरलेलं टाकलं, पुन्हा गेला. पोट भरल्यावरही जात राहिला. मारायचा, कंगोऱ्यात खुपसून ठेवायचा, पुन्हा जायचा.

अक्का झाडू उगारून धावली तेव्हा त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि परत आपल्या कामाला लागला. तिच्या अंगाची लाही झाली होती, पण त्याला बोलून काय होणार? त्याच्यापुढे कुणीतरी ताट वाढून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी सातला, न चुकता. राग धरायचा तर वाढणाऱ्यांवर धरायला हवा होता.

ती पुन्हा आडोशाला जाऊन बसली. थाप्याने शेवटची थाप कधी मारली होती, ते आठवायचा ती प्रयत्न करत होती. दहा वर्षांत एक आठवेना. वीस वर्षांतही नाही. टाकीतल्या मगरीच्या पुढे तिला एकही थाप सापडली नाही, आणि पहाटेचे पाच वाजले.

गुरुवारी साडेआठला ती इस्त्रीवाल्यांच्या केबिनमध्ये होती. रात्री पाहिलं ते सगळं तिने एका दमात सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, आत्ता वर गेलं तर काय दिसेल?

वर काहीच दिसलं नसतं. पाच वाजता तिने उठून झाडू घेतला होता, नेहमीसारखी सगळी गच्ची झाडली होती, कंगोऱ्यापर्यंत हात घालून मेलेली पाखरं काढली होती, रक्ताचे डाग घासले होते आणि तीन काळ्या पिशव्या सहाच्या कचरागाडीत दिल्या होत्या. डोक्यात रात्रभर पाहिलेलं थैमान घालत होतं, आणि हात आपले रोजचं काम करून मोकळे झाले होते.

इस्त्रीवाल्यांनी दाराशी टांगलेलं सफाईचं रजिस्टर काढून तिच्यासमोर ठेवलं. पानामागून पान तोच मजकूर. गच्ची स्वच्छ आहे. खाली तिची सही. आजचीही होती.

"तीन वर्षं तुम्हीच लिहून देताय, मावशी," ते म्हणाले. "रोज शेकडो पक्षी मरतात आणि गच्चीवर एक पीस नाही. मी कुणाचं खरं मानू? तुमचं, की तुमचंच?"

ती जिन्याने खाली उतरली, सगळे मजले. लिफ्टमध्ये उभं राहणं तिला शक्यच नव्हतं. तीन वर्षं भाऊ रात्री जे बघत होता ते ती पहाटे पुसून टाकत होती, इतकं निगुतीने की जगात कुणाला पत्ता लागू नये, आणि वर स्वतःच्या सहीने त्याला खोटा ठरवत होती. पिसं का जमवायची, म्हणून ती त्याच्यावर ओरडली होती. तिच्या झाडूतून वाचलेला तेवढाच तर पुरावा होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं आणि सतराव्या मजल्याच्या वळणावर तिने खरोखर एक मारून घेतली.

त्यानंतर ती गच्चीवर रोज जाई, चौफेर बघे आणि झाडू न लावता परत येई. हे तिला सोपं गेलं नाही. घाण समोर पडलेली असताना तिचा हात आपसूक झाडूकडे जाई आणि ती तो मागे घेई. रजिस्टरमध्ये तिने काही लिहिलंही नाही, कारण खोटं लिहिता येत नव्हतं. शुक्रवारची ओळ कोरी, शनिवारची कोरी, पुढच्याही कोऱ्या. इस्त्रीवाल्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते रजिस्टर फक्त दुसऱ्याच्या तोंडावर मारण्यापुरतंच उघडत, हे तिला तेव्हा समजलं. बदली पहारेकऱ्याने चपलेला चिकटलेलं काहीतरी पायरीला पुसलं आणि माझी काय, चार दिवसांची पाळी आहे, म्हणत तो पुन्हा झोपला.

बुधवारी निकाल ऐकायला स्वतः मालकीणबाई आल्या. भाऊ इस्त्री केलेला शर्ट घालून, मान खाली घालून उभा होता. इस्त्रीवाले वाचायला लागले तशी अक्का मध्येच म्हणाली, "आधी वर चला. मग काय ते वाचा."

तिचा अवतार बघून कुणी नाही म्हणालं नाही.

गच्चीचं दार उघडल्यावर पहिल्यांदा वास आला. मग वाऱ्याने उठलेली पिसं तोंडावर आली. सहा रात्रींचं होतं सगळं. हाडाला जोडलेल्या पंखांच्या जोड्या, दोन्ही बाजूंनी तशाच पसरलेल्या, मधलं सगळं फस्त. मुंडकी नसलेली, पट्ट्यापट्ट्यांची, गुबगुबीत पाखरं. कठड्याखाली एक लांब बोटांचा हिरव्या पायांचा पक्षी पडला होता, तळ्याकाठच्या चिखलात चालणारा. आसपास डबकंसुद्धा नव्हतं. थाप्या काय तळ्यावर जाऊन तो धरून आणून इथे मारत होता का, असं अक्काने विचारलं. आणि कंगोऱ्यावर मानाचे पाहुणे बसले होते, एक पाय ताज्या शिकारीवर, डोळे अर्धे मिटलेले.

इस्त्रीवाल्यांनी नाकाला रुमाल लावला. "मावशी," ते म्हणाले, "हे झाडलं का नाही?"

अक्काला वाटलं होतं की हे बघितल्यावर कुणाची तरी मान खाली जाईल.

मालकीणबाई मात्र हुशार. त्यांनी दोन मिनिटांत सगळं ओळखलं आणि त्यांचा चेहरा उजळला. रात्री? दिव्यांत? आपल्याच डोक्यावर? असं कुठे बघायला मिळतं? पुढच्या महिन्यात पाहुण्यांना इथेच वर आणू. खुर्च्या मांडू. कोपऱ्यांत आणखी चार दिवे टाका, नीट दिसायला हवं. एक कॅमेराही लावा. भावाला आजपासून कामावर घ्या, झाला असेल काहीतरी गैरसमज. आणि मावशी, पहाटे पाचपर्यंत नको, हे रातोरात साफ होत गेलं पाहिजे. आजपासून, आणि आज आधी हे सगळं.

पक्षी जायच्या दिवसांत दिवे बंद ठेवा, असं अक्का म्हणाली. तीन-चार आठवड्यांचा तर प्रश्न. इस्त्रीवाले म्हणाले, ते तुमचं काम नाही. माफीचा शब्द कुणी काढला नाही. आणि भाऊ, ज्याला आठवडाभर खाटीक ठरवलं होतं तो, "थँक यू, साहेब" म्हणाला. त्या थँक यूने अक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

रात्री दोघं गच्चीवर होते. सातला भावाने दिवे लावले होते. अक्का गुडघ्यांवर बसून सहा दिवसांचं वाळलेलं रक्त घासत होती, शेजारी सुपली आणि साबणाच्या पाण्याची बादली. पुन्हा ढग होते. साडेदहापासूनच वर चिवचिव सुरू झाली. ती जिथे घासून पुढे सरके तिथे मागे नवा थेंब पडे. ती वळून तो पुसे. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिने ब्रश फेकून दिला आणि मालकीणबाईंपासून तज्ज्ञापर्यंत सगळ्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. शेवटी भावाची पाळी आली. तुला शरम नाही का, थँक यू कसलं म्हणतोस, असं ती बोलत होती, आणि तेवढ्यात तिच्या सुपलीत वरून एक पाखरू पडलं. जिवंत. मुठीत मावेल एवढं. चोच उघडी टाकून धापा टाकत होतं.

भावाने ते उचललं. पंख तपासले. मग शर्टाच्या खिशात अलगद ठेवलं, पॅनेलकडे गेला आणि मेन स्विच खाली पाडला.

अंधार इतका एकदम झाला की अक्काला आपला हात दिसेना. विमानांसाठीचा लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला, त्याची लाइन वेगळी होती.

"अरे, आजच तर नोकरी परत मिळाली तुला," ती म्हणाली.

"तीन वर्षं बघत होतो मी, अक्का," भाऊ म्हणाला. "स्विच हाताशी होता. आणि मी पिसं गोळा करत बसलो."

वरचा कलकलाट थोडा वेळ तसाच राहिला. मग तो पातळ होत गेला, एका बाजूला सरकला, दूर गेला. कंगोऱ्यावर ससाण्याने एकदा पंख फडफडवले आणि तो बसून राहिला. खिशातल्या पाखराने हालचाल केली तसं भावाने त्याला कठड्यावर ठेवलं. ते कधी उडालं ते दोघांनाही दिसलं नाही.

भिंतीवरचा फोन वाजला. भावाने हात पुढे केला, पण अक्का आधी पोचली. खाली कंट्रोल रूमचा माणूस होता. वरचे दिवे कुणी बंद केले, तो विचारत होता. मालकीणबाईंचा घरून फोन आला होता.

"बंद कुणी केले नाहीत, जळले," अक्का म्हणाली. "माझी बादली सांडली, पाणी पॅनेलमध्ये गेलं. धूर आला नुसता. सगळं नवीन बसवावं लागेल, महिनाभर काही लागत नाहीत आता."

भाऊ कुठे होता, असं त्याने विचारलं.

"तो खाली चहाला गेलाय. मीच पाठवला. त्याला अजून माहीतसुद्धा नाही."

कंट्रोल रूमच्या माणसाने बरं म्हटलं आणि तसं लिहून घेतलं. त्याने उलटतपासणी केली नाही, वर येऊन बघतो म्हणाला नाही. मावशी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिने फोन ठेवला. लाल दिव्याच्या उजेडात भाऊ तिच्याकडे आ वासून बघत होता. उद्या तिला काढतील हे त्यालाही कळलं होतं आणि तिलाही. ती त्याच्या अंगावर खेकसली, की असा बघतोस काय, मेन पुरता पडलाय ना, ते नीट बघून सांग. त्याने चाचपून पाहिलं आणि पडलाय म्हणाला.

मग अक्काने पॅनेलचं झाकण उघडलं आणि बादली उचलली. खोटं तिला फार वेळ सोसवत नसे.